गवतातली येळवस

नऊ वर्षं मी दुसऱ्याच्या कोपीत येळवस जेवले, आणि नऊही वर्षं भज्जीत मीठ कमी होतं.

येळवशीच्या अमावस्येला ज्यानं त्यानं आपल्या रानात जायचं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप घालायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव मांडायचे, शेंगा-भाज्यांच्या भज्जीचा आणि बाजरीच्या पिठाच्या उंड्यांचा निवद दाखवायचा आणि मग आंबील शिंपत, आरोळी देत सगळं रान फिरायचं. ज्याला रान नाही त्यानं दुसऱ्याच्या रानात जाऊन जेवायचं. कुणी नको म्हणत नाही. उलट हाताला धरून नेतात. तेच मला सोसत नाही. हाताला धरून आंधळ्याला नेतात.

औंदा चार दिवस आधीच माझी धाकटी जाऊ बनाबाई दारात येऊन उभी राहिली. हातात कोथिंबिरीची जुडी, तोंडात पान.

"अक्का, या की येळवशीला. भावजींनाबी आणा. तुमचं कुटं रान हाय आता!"

"औंदा जमायचं न्हाय बने."

"का वो? गावाला निगालाव?"

"माझ्या रानात जाणार हाय."

हे माझ्या तोंडातून कसं गेलं मलाच कळलं नाही. बनाबाईनं पान एका गालातून दुसऱ्या गालात ढकललं.

"कुटल्या रानात?"

"जितं माझे पांडव हायती तितं."

"आता गं बया," ती म्हणाली आणि गेली. सांजेपर्यंत गावातल्या प्रत्येक उंबऱ्याला ठाऊक झालं की सोमलिंगाची राजाबाई गवतात येळवस करणार. आता मागं फिरायला वाट नव्हती. माझे पांडव गाठायचे, नाहीतर मरेपर्यंत बनाबाईचं ऐकायचं.

त्या रानाचं सांगते. साडेअकरा एकर, निम्मं मुरमाड. विहिरीनं तळ दाखवला, दोन्ही लेक पुण्याला लागले आणि गुडघ्यांनी माझ्याशी वैर धरलं. आमच्या मालकांनी रान एका संस्थेला विकलं. संस्थेनं शेजारचीही दोन-चार रानं घेतली, कुंपण घातलं, नांगर बंद केला आणि गवत लावलं. गवत! ज्या रानातलं गवत उपसता उपसता माझ्या बोटांची पेरं वाकडी झाली, तिथं माणसं लावून गवत लावलं. मी चुलीपुढं बसून स्वतःलाच शपथ घातली, परत त्या बांधावर पाय ठेवणार नाही. मालकांशी महिनाभर बोलले नाही. त्यांना तो महिना बरा गेला असावा.

पांडव मात्र तिथंच राहिले. माझ्या सासूनं बोरी नदीतून डोक्यावर वाहून आणलेले पाच गोटे, सौंदडीच्या झाडाच्या बुडात मांडलेले. रान विकलं तरी पांडव उचलत नाहीत. ते रानाचे असतात.

आणि माझी शपथ मोडली ती रुद्राणीमुळं. रुद्राणी म्हणजे थोरल्याची लेक. कॉलेज झालं, पुण्यात रमली नाही, आमच्याकडं राहायला आली आणि सहा महिन्यांपूर्वी त्याच गवताच्या रानात नोकरीला लागली. हिरवा शर्ट घालते, गळ्यात दुर्बीण अडकवते आणि आलेल्या लोकांना पाखरांची नावं सांगते.

"लोकं सोलापूरहून येतात आज्जी, गवत बघायला."

"मी चाळीस वर्षं बघितलं की. मला कुणी तिकीट दिलं न्हाय."

रोज सांजच्याला ती काहीतरी सांगायची. आज काळवीट दिसलं, आज भोवत्या नावाचं पाखरू आलं. मी ऐकत नाही असं दाखवून ऐकायची. पण पांडवांचं विचारलं की ती म्हणायची, तो भाग बंद हाय आज्जी, मलाबी जाऊ देत न्हाईत.

माझ्या रानात माझ्या नातीला जाऊ देत नाहीत. बघा.

येळवशीच्या आदल्या दिवशी मी पहाटेपासून चुलीला लागले. तुरीचे सोले, हरभऱ्याचे घाटे, वालाच्या शेंगा सोलून ठेवल्या. ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबील आंबत ठेवली. मालक लसूण सोलत बसले होते. त्यांच्या हातातून लसूण सुटायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझी एक भाकरी फुगते.

रुद्राणी पाटावर बसून एकेक बोट दुमडत नियम सांगायला लागली.

"जाळ करायचा न्हाय. कोप घालायची न्हाय. खायचं ते फाटकाजवळच्या शेडमध्ये. जनावरांना काय टाकायचं न्हाय. वाट सोडायची न्हाय. वरडायचं न्हाय."

"श्वास घ्यायचा का?"

"आज्जी, महेश्वर सर लई कडक हायत. तू तितं भांडू नको."

"मी कवा भांडते?"

मालकांना ठसका लागला. लसणाचा असेल.

दुसऱ्या दिवशी मी कडीच्या किटलीत आंबील भरली, डब्यात भज्जी आणि उंडे घातले, पदराच्या गाठीला चुन्याची पुडी बांधली. ती पुडी रुद्राणीला दाखवली नाही. ठेवणीतलं इरकल नेसले. वेशीतून जाताना सगळं गाव बैलगाड्या, टेम्पो भरून आपापल्या रानाला निघालं होतं. बनाबाई टेम्पोत उभी होती. तिनं वरूनच हाक मारली, "अक्का, जोरात आरोळी द्या बरं का! आमच्या रानात ऐकू आली पायजे!"

"कान धुवून ठेव," मी म्हटलं.

एके काळी माझी आरोळी तीन रानं ओलांडून जायची. हे गावात कुणालाही विचारा.

फाटकाला आलो. तिथं राखणदारानं वही पुढं केली. नाव, गाव, येण्याचं कारण. मालकांनी पेन घेतलं आणि कारणाच्या रकान्यात 'पाहुणे' लिहायला लागले. 'पाहु' झालं तोवर मी त्यांचं मनगट धरलं.

"पावनं? खोडा ते."

"मग काय लिहू?"

मी दुसरी पास आहे. पेन घेतलं आणि लिहिलं, 'घरी आलो'. दोन ओळी अडवल्या, पण लिहिलं. राखणदारानं वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि वही मिटली.

आत सोलापूरचे दहा-बारा लोक होते. टोप्या, दुर्बिणी, पोराटोरांच्या बुटांसारखे रंगीत बूट. रुद्राणी त्यांच्यापुढं चालत बोलत होती, आम्ही मागं. थंडी चांगली होती. दव सुकलं नव्हतं. आणि गवत, काय सांगू, कमरेएवढं, पिवळं जर्द, वारा आला की सगळं एका अंगाला निजायचं आणि उठायचं. कुसळांनी माझ्या लुगड्याचा काठ पार भरून गेला. मला ते बघायचं नव्हतं, पण डोळे आहेत, बघणारच. मी मनाशी म्हटलं, वैरण म्हणून विकलं तर दुधनीच्या बाजारात काय भाव येईल. मग तेही म्हणवेना.

"तुमचं शेत होतं ना इथं?" एका टोपीवाल्या बाईनं मला विचारलं. "कुठपर्यंत होतं?"

"डोळे बांधून सोडा मला," मी म्हटलं. "खडा न खडा वळखते. ही डावीकडची वाट हिरीवर जाते. चला."

सगळी माणसं माझ्यामागं आली. वाट वळली, आणखी वळली आणि एका तळ्याशी जाऊन थांबली. असलं तळं माझ्या रानात कधीच नव्हतं. विहीर नव्हती, बांध नव्हता, आंबा नव्हता. मी उजवीकडं बघितलं, गवत. डावीकडं बघितलं, गवत. चाळीस वर्षं जिथं राबले तिथं मी चुकले होते, आणि पाठीमागं दहा-बारा माणसं उभी होती. टोपीवाली बाई हळूच म्हणाली, "असू दे हो आजी, होतं असं."

हाताला धरून नेण्याचीच ती भाषा.

रुद्राणीनं त्यांना तळ्यावरची पाखरं दाखवायला नेलं. मी वाटेच्या कडेला बसले. मालक काठी टेकून जवळच उभे राहिले.

"तुमाला तरी कळतंय का, आपण कुटं हाय ते?"

"न्हाय बा."

"मग इकलं कशाला?"

"नऊ वर्सं झाली गं त्याला."

"मला कालच झाल्यागत हाय."

असं आमचं चाललं होतं. बोलणं तोंडाचं, पण हात कुणाच्या ताब्यात असतात? बायामाणसांचे हात रिकामे बसत नाहीत. मी बसल्या बसल्या पुढं सरकत होते, बोलत होते, सरकत होते. अचानक रुद्राणी किंचाळली.

"आज्जी! काय करतेस!"

मी खाली बघितलं. दीड-दोन हात ओळ साफ. मुळासकट. माझ्या डाव्या हाताला उपटलेल्या गवताची जुडी, ती पण झटकून, मुळं एका बाजूला करून, खुरपणीत टाकतात तशी नीट ढिगात लावलेली. प्रत्येक ठोंबाजवळ आकडा घातलेली एक काडी होती. त्या काड्याही मी उपटून बाजूला रचल्या होत्या.

"ते पवन्या गवत हाय! मी लावलंय ते! आषाढात एकेक रोप पिशवीतनं काढून लावलंय!"

"तण वाटलं गं मला."

"सगळं तणच वाटतं तुला!"

नातीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात महेश्वर साहेब आले. तिथला मुख्य माणूस. उंच, वाळका, उन्हानं रापलेला. ढिगाकडं बघितलं, काड्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"कुणी केलं हे?"

रुद्राणी काही बोलायच्या आत मी उठले. गुडघे कडकड वाजले.

"मी. राजाबाई सोमलिंग. हिची आजी. हिला काय बोलायचं न्हाय. हात माझे हायती."

"आजी, नऊ महिने लागतात एक ओळ धरायला."

"मला नऊ महिन्यांचं शिकवू नका, दोन पोरं झालीत. पाणी आणा."

"काय?"

"तळ्यातलं पाणी आणा म्हणते बादलीभर. आन् विळा. हुबे काय ऱ्हायलाव?"

ते गेले. मी बसले. मालकांनी काठीच्या टोकानं भोकं पाडली. ते नेहमी ओळीत पाडतात, एवढा एक गुण आहे. विळा आल्यावर मी प्रत्येक ठोंबाची शेंडी चार बोटं ठेवून छाटली, मुळं चिखलात बुडवली, भोकात घातली आणि टाचेनं दाबली. पोकळ राहिलं की मूळ सुकतं. ऊन लागू नये म्हणून छाटलेली पातीच बुडात अंथरली. रुद्राणी नाक ओढत काड्या आकड्याप्रमाणं लावत होती. महेश्वर साहेब उकिडवे बसून बघत होते.

"शेंडी का कापली?"

"मूळ धरूस्तवर डोक्यावर वझं कशाला?"

त्यांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. मी सांगितलेलं लिहून घेणारा हा पहिलाच माणूस. मालक बघतायत ना, ते मी बघून घेतलं.

"आजी, एक विचारू?" ते म्हणाले. "तिकडं पलीकडं एक जागा आहे. गोल. तिथं आम्ही तीनदा बी टाकलं, काही उगवत नाही. मातीत काय दोष आहे कळत नाही."

"गोल? केवढी?"

"असेल वीस पावलं."

"मधी एक भोक हाय का? लाकूड रोवल्यालं?"

"आहे! वाळवीनं खाल्लेलं खोडकं आहे."

मी मालकांकडं बघितलं. मालकांनी माझ्याकडं बघितलं. नऊ वर्षांत आम्ही दोघं एकदम हसलो नव्हतो, ते हसलो.

"अवो ते खळं हाय!" मी म्हटलं. "आमचं खळं! तीस वर्सं बैलं फिरली त्याच्यावर. दर साली मी शेणानं सारवलंय. दगडागत झालंय ते, तितं गवताच्या बानंबी मूळ घालायचं न्हाय. कुदळीनं फोडा, मग बघा."

"फोडणार नाही," साहेब म्हणाले. "तिथं धाविक नावाचा पक्षी येतो. त्याला उघडी जागाच लागते. उघड्यावर अंडी घालतो. आम्हाला वाटायचं, एवढी एकच जागा त्याला कशी सापडली."

म्हणजे मी सारवलेल्या अंगणात कुणीतरी नांदत होतं. ऐकायला बरं वाटलं, पण तोंडावर दाखवलं नाही. माझं डोकं दुसरीकडं धावत होतं. खळं सापडलं म्हणजे सगळं सापडलं. खळ्यावरून सौंदड उगवतीला, साठ पावलं. दुपारची भाकरी घेऊन हजार वेळा चाललेली वाट.

खळ्याशी आलो आणि मी तोंड उगवतीला करून चालायला लागले.

"आजी, तिकडं नाही जाता येत. बंद आहे."

"का म्हून?"

"तिथं कोणीतरी राहतं."

"माझ्या पांडवांपाशी? कोन?"

साहेबांनी रुद्राणीकडं बघितलं. मग किटलीकडं. पदराच्या गाठीकडं. त्यांचंही गाव याच अंगाचं असणार, येळवशीच्या दिवशी किटलीत काय असतं ते त्यांना सांगावं लागलं नाही.

"नेतो," ते म्हणाले. "चौघंच जायचं. लांबूनच बघायचं. आणि आजी, तिथं एक शब्द बोलायचा नाही."

मालक मोठ्यानं हसले. खांदे हलवून, डोळे पुसून हसले. "सायेब," ते म्हणाले, "लई मोटी अट घातलीत."

वाकून गेलो. चाळीस पावलांवर जुना बांध लागला. गवताखाली होता म्हणून दिसला नव्हता, पायाला मात्र लगेच कळला. त्याच्याआड बसलो. समोर सौंदड. केवढी झाली होती! रुद्राणीनं दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली, चाक फिरवलं आणि एकदम माझे पाची पांडव समोर आले. चुना धुपला होता, नकुळ एका अंगाला कलला होता, पण पाची जागेवर. दगडांच्या मधोमध एक बीळ होतं, तोंडाशी ताजी माती. आणि सगळ्यांत मोठ्या दगडावर, धर्मराजावर, एक खोकड, म्हणजे बारकं कोल्हं, ऊन खात बसलं होतं. मांजरापेक्षा जरा मोठं, शेपटीचं टोक काळं, डोळे अर्धे मिटलेले. जावयागत पसरलं होतं.

"माझ्या धर्मावर बसलंय की गं!" मी कुजबुजले.

"शूः!"

"उटव त्याला."

"आज्जी!"

मी गप्प बसले. बघत राहिले. खोकडानं कान खाजवला, जांभई दिली. बिळातून दुसरं वर आलं, पहिल्याच्या अंगाला अंग घासलं आणि दोघं दगडावर दाटीवाटीनं बसली. पोटाला पोट लावून. नऊ वर्षं मी गावात सांगत होते, रान पडीक पडलं, पांडवांना कुणी बघत नाही. आणि इथं दारात नवरा-बायको ऊन खात होती.

चुन्याची पुडी मी गाठीतच राहू दिली.

बांधाच्या अलीकडं पदर पसरला. पाच खडे वेचून त्यावर ठेवले, बोटभर हळद-कुंकू वाहिलं. उंडा, भज्जी, भाकरीचा तुकडा ठेवला. निवद दाखवून परत डब्यात घातला, जनावरांना टाकायचं नाही हा नियम आहे ना. मालकांनी हात जोडले. मग मी किटलीचं झाकण काढलं, आंबिलीत बोटं बुडवली आणि उभी राहिले. वाकूनच.

आता आरोळी द्यायची. पुढच्यानं 'होलगे होलगे' म्हणायचं, मागच्यांनी 'सालम पलगे'. सासूनं शिकवलेलं, अर्थ तिनं सांगितला नाही, मीही विचारला नाही. पण ते घसा फोडून म्हणायचं असतं, रानाला ऐकू जावं म्हणून. लांबून, दुसऱ्या रानांतून आरोळ्या येतच होत्या. त्यात बनाबाईच्या नवऱ्याची मी ओळखली, फाटक्या ढोलासारखी.

मी श्वास घेतला, छाती भरली, आणि म्हटलं,

"होलगे, होलगे."

एवढं हळू मी जन्मात बोलले नव्हते.

"सालम पलगे," मालक कुजबुजले.

आंबिलीचे थेंब गवतावर पडले. बांधाच्या कडेकडेनं आम्ही निघालो, मी पुढं, मालक मागं, त्यांच्यामागं रुद्राणी, शेवटी महेश्वर साहेब. "होलगे होलगे." "सालम पलगे." चार माणसं चोरांसारखी वाकून, ओठातल्या ओठात आरोळी देत चाललेली. साहेबांच्या 'सालम पलगे'त जरा कानडी हेल होता. रुद्राणीला हसू आवरेना, तिनं तोंडात शर्टाची बाही कोंबली. मग मलाही आवरेना. गुडघे दुखत होते, कुसळं टोचत होती, हसू पोटात मावत नव्हतं आणि आवाज काढायचा नव्हता. वारा आला, सगळं गवत निजलं आणि उठलं. खोकडानं एक कान आमच्याकडं वळवला. बसून राहिलं.

फाटकाजवळच्या शेडात जेवलो. सोलापूरच्या लोकांनाही वाढलं. टोपीवाल्या बाईनं तीन उंडे खाल्ले आणि कृती विचारली. साहेबांनी भज्जी परत मागून घेतली. जाताना म्हणाले, "आजी, पावसाळ्यात रोपं लावायची आहेत. येणार का शिकवायला?"

"बघू," मी म्हटलं. "मला रिकामा येळ असला तर."

दिवस कलताना वेशीत बनाबाई भेटली. टेम्पोतून उतरत होती, हातात उरलेल्या भज्जीचं पातेलं.

"काय वो अक्का," चार बायका ऐकतील अशा आवाजात म्हणाली, "दिवसभर कान लावून बसले मी. तुमची आरोळी काय ऐकू आली न्हाय ती!"

"दिलीच न्हाय मोट्यानं."

"का? घसा बसला?"

"घरात कुणी निजल्यालं असलं तर वरडत न्हाईत, बने," मी म्हटलं.

मी तिच्या पातेल्यात बोट घालून भज्जी चाखली. मीठ अगदी बरोबर होतं. तिला काही तसं सांगितलं नाही.